मराठी ब्रेललिपीचा नवशिका वाचक : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

मोडीचा वर्ग सुरू झाला म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थ्यांची जी त्रेधा उडते, ती आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. भाषा आपलीच, बरेचसे शब्दही ओळखीचे, आणि तरीही समोरच्या कागदातून अर्थ म्हणून हाती लागत नाही. अक्षरे सुटी करता येत नाहीत. सुटी झाली तर शब्द कोठे संपतो हे कळत नाही. हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला ब्रेललिपी शिकू लागलेल्या मराठी मनुष्याच्या अडचणीची कल्पना इतरांपेक्षा लवकर येईल. फरक इतकाच की मोडीच्या विद्यार्थ्याजवळ बाळबोध लिपीचा आधार पूर्वीपासून असतो. परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून आलेल्या जन्मांध मुलाला ठिपक्यांची ही लिपी हीच पहिली लिपी असते.

ह्या टिपणात एका गैरसमजाचा परामर्श घ्यावयाचा आहे. मराठी ब्रेल म्हणजे उठावदार केलेली देवनागरी, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. वस्तुतः मराठी ब्रेलने देवनागरीची वर्णमाला घेतली आणि तिचे रूप सोडून दिले. हा निर्णय १९५१ साली झाला. नवशिक्या वाचकास काय सुलभ जाते आणि तो कोठे अडखळतो, ह्याची कारणे केवळ त्याच्या बोटात शोधून भागत नाही. ती पुष्कळ अंशी ह्या निर्णयात आहेत.

लिपीचे रूप की लिपीचा क्रम, हा प्रश्न युरोपात आधीच उपस्थित झालेला होता. व्हॅलाँतँ आयुई ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा काढली, तेव्हा त्याने रोमन अक्षरेच जाड कागदावर उठवून मुलांच्या हाती दिली. डोळ्यांना जे स्पष्ट तेच बोटालाही स्पष्ट असणार, असे गृहीत धरलेले होते. ते खोटे ठरले. वळणदार रेषेचा माग काढताना बोट थांबते, मागे फिरते, पुन्हा चाचपते. आणि शब्द संपेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात जातो. शिवाय असा मजकूर विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नसे. पुढे शार्ल बार्बिए ह्या सेनाधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धती ह्या शाळेत आली. तिची चिन्हे उच्चार दाखवीत, वर्णलेखन दाखवीत नसत. आणि सहा ठिपक्यांची उंची बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ह्याच शाळेत १८१९ साली दाखल झालेल्या लुई ब्रेल (१८०९–१८५२) ह्या अंध विद्यार्थ्याने ह्या दोन्ही उणिवा ओळखल्या, ठिपके सहांवर आणले, आणि १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. इंग्लंडात टी. आर. आर्मिटेज ह्यांनी १८६८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने अशी अट घातली की, कोणती लिपी चांगली हे ठरविणारे सभासद स्वतः अंध असावेत आणि निदान तीन पद्धती त्यांना बोटाने वाचता याव्यात. परीक्षा घेणाऱ्याला विषय यावा ही अपेक्षा साधीच आहे. पण तोवर ती कोणाला सुचली नव्हती.

भारतात अंधशिक्षणाचा आरंभ १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प ह्यांच्या शाळेने झाला असे मानतात. मुंबईत ॲना मिलार्ड ह्यांची शाळा १९०० मध्ये आणि व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मध्ये सुरू झाली. पुण्यातील अंधशाळा १९३४ची. शाळा वाढल्या तशा लिप्याही वाढल्या. सहा ठिपक्यांपासून होणाऱ्या त्रेसष्ट चिन्हांपैकी कोणते चिन्ह कोणत्या वर्णाला द्यावे ह्याविषयी प्रत्येकाचे मत निराळे होते. कलकत्त्याच्या लालबिहारी शहा ह्यांची एक संहिता, नीलकंठराय छत्रपती ह्यांच्या नावाची दुसरी, शिरेफ ह्यांची तिसरी, म्हैसूरची चौथी, नोल्स व गार्थवेट ह्यांची ‘ओरिएंटल ब्रेल’ ही आणखी एक. स्वातंत्र्याच्या सुमारास अशा अकरा संहिता देशात प्रचारात होत्या असे सांगितले जाते. एका शाळेत शिकलेल्या मुलास दुसऱ्या शाळेतील पुस्तक वाचता येऊ नये, ही ह्या संपन्नतेची फलश्रुती.

परभणीची परिस्थिती ह्याहून वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू. उच्च शिक्षणही उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून. घरात मराठी, जुन्या दप्तरात मोडी, पोथीत बाळबोध आणि कचेरीत उर्दू असा येथील डोळस माणसाचा लिपिव्यवहार होता. मुंबई आणि पुणे येथील मराठी अंधशाळा सरहद्दीच्या पलीकडे ब्रिटिश मुलखात होत्या. गोदाकाठच्या अंध मनुष्याला साहित्य मुळीच मिळत नव्हते असे मात्र नव्हे. जनाबाईंचे गंगाखेड ह्याच जिल्ह्यातले, आणि नामदेवांशी निगडित नरसी हे गावही १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ह्याच जिल्ह्यात होते. कीर्तन, भजन, जात्यावरच्या ओव्या ह्यांच्या द्वारे जे वाङ्मय कानांवर पडे, त्यात डोळस निरक्षर आणि अंध ह्यांची पंगत एकच होती. ह्या समाजात अंधाला वेगळे पाडले ते साक्षरतेने. शेजारचा मुलगा शाळेत जाऊ लागला, त्या दिवसापासून अंध मुलगा मागे राहू लागला.

मराठवाड्यात राजवट बदलत असतानाच लिपीच्या एकीकरणाचा प्रश्नही तडीस जात होता. भारत सरकारने १९४९ साली हा विषय युनेस्कोकडे नेला. मार्च १९५० मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय बैठक झाली, फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूत येथे परिषद भरली, आणि त्याच वर्षी ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांसाठी समान संहिता स्वीकारण्यात आली. युनेस्कोच्या वतीने हे काम पाहणारे सर क्लुथा मॅकेंझी हे स्वतः अंध होते. डेहराडून येथील मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालयही १९५१चेच. तत्त्व असे ठरले की, मूळ ब्रेलमधील चिन्हाचा जो ध्वनी, त्याच्या जवळच्या भारतीय वर्णास तेच चिन्ह द्यावे. त्यामुळे क, ब, म, न, प, र, ल, स ह्यांची चिन्हे इंग्रजी के, बी, एम, एन, पी, आर, एल, एस ह्यांचीच आहेत. आणि थ, श, छ, घ ह्यांना इंग्रजी ब्रेलमधील जोडाक्षरांची संक्षेपचिन्हे मिळाली.

परभणीच्या दृष्टीने ह्या तत्त्वाचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. शाईच्या लेखनात मराठी डावीकडून उजवीकडे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. दोहोंचे वळण एकमेकांस सर्वस्वी अनोळखी. ब्रेलमध्ये दोन्ही भाषा डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात, आणि मराठीतील ‘ब’ व उर्दूतील ‘बे’ हे एकच चिन्ह होय. ज्या जिल्ह्यात लिपी हे पिढ्यान् पिढ्या सत्तेचे आणि समाजभेदाचे चिन्ह होते, तेथे मराठी अंध मुलगा आणि उर्दू अंध मुलगा ह्यांची बाराखडी बहुतांशी एकच असावी, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. ब्रेलच्या एका घरात दोन उभ्या ओळी असतात : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ असे ठिपक्यांचे क्रमांक मानले जातात. ‘परभणी’ हे नाव पाच घरांत लिहिले जाते. प म्हणजे १-२-३-४, र म्हणजे १-२-३-५, भ म्हणजे ४-५, ण म्हणजे ३-४-५-६ आणि शेवटी ई म्हणजे ३-५. येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, शिरोरेषा, काना, वेलांटी हे काहीही नाही. ‘णी’ची दुसरी वेलांटी म्हणजे पूर्ण ‘ई’ हा स्वरच होय आणि तो व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येतो. दुसरी अशी की, व्यंजनातील अंगभूत अकार लिहीत नाहीत. तो देवनागरीप्रमाणेच गृहीत असतो.

‘जिंतूर’ हे तालुक्याचे नाव घेतल्यास भेद अधिक स्पष्ट होतो. देवनागरीत पहिली वेलांटी ‘ज’च्या आधी काढावी लागते, अनुस्वार डोक्यावर जातो आणि ऊकार पायाशी लटकतो. एका अक्षराभोवती चारही दिशांना खुणा मांडण्याची ही रीत डोळ्याला सोयीची आहे, कारण डोळा सगळा पुंजका एकदम टिपतो. बोट मात्र एका वेळी एकच घर वाचते. म्हणून ब्रेलमध्ये ज, इ, अनुस्वार, त, ऊ, र अशी सरळ रांग लागते. ‘पूर्णा’ ह्या नावात देवनागरीचा रफार ‘ण’च्या माथ्यावर, किंबहुना कान्याच्याही टोकापर्यंत सरकतो, ब्रेलमध्ये हलन्ताचे चिन्ह, म्हणजे केवळ ठिपका ४, आधी येते, मग र, मग ण, मग आ. जोडाक्षर येत आहे ही सूचना बोटाला व्यंजनाच्या आधीच मिळते. क्ष आणि ज्ञ ह्यांना मात्र स्वतंत्र चिन्हे दिली गेली. परंपरेने त्यांना वर्णमालेच्या शेवटी जे स्थान दिले आहे, त्याचा हा मान असावा.

जो जन्मांध आहे त्याला ह्या सरळ रांगेचे काहीच नवल वाटत नाही. तो जसा उच्चारतो तसे वाचतो. अडचण येते ती देवनागरी शिकल्यानंतर दृष्टी गेलेल्या प्रौढाला. त्याच्या स्मरणात वेलांटी आधीच असते. असा मनुष्य ‘जिंतूर’ लिहू लागला म्हणजे प्रथम इ टोचतो आणि मग ज. ही चूक अज्ञानाची नव्हे. ती त्याच्या पूर्वीच्या साक्षरतेची खूण आहे, आणि शिकविणाराने ती तशीच ओळखली पाहिजे. अकाराचेही असेच. ‘मऊ’ हा शब्द म आणि ऊ इतकाच लिहिला तर त्याचे वाचन ‘मू’ असे होईल; म्हणून मध्ये अ हे चिन्ह घालावे लागते. देवनागरीत जो अ कधी लिहावा लागत नाही, तो येथे एकाएकी लिहावा लागतो. ‘सई’चेही तसेच. ‘देऊळ’, ‘बाई’ ह्यांना मात्र ही गरज नाही, कारण तेथे पूर्वीचा स्वर लिहिलेलाच असतो.

ह्याहून सूक्ष्म अडचण घराच्या दोन उभ्या ओळींतून उद्भवते. ब म्हणजे १-२ आणि भ म्हणजे ४-५. म्हणजे आकृती एकच, केवळ डावीकडून उजव्या ओळीत सरकलेली. क म्हणजे १-३ आणि ख म्हणजे ४-६. ल म्हणजे १-२-३ आणि ळ म्हणजे ४-५-६. अ म्हणजे ठिपका १, आणि अकाराचा लोप दाखविणारा हलन्त म्हणजे ठिपका ४. ह्या जोड्या पाहिल्या म्हणजे संहिता सिद्ध करणाऱ्यांना ध्वनींचे नाते चांगले ठाऊक होते, असे मानण्याचा मोह होतो. कागदावर ही योजना फार सुरेख दिसते. पण ज्या बोटाला अजून डावी ओळ कोणती आणि उजवी कोणती हेच कळत नाही, त्याने ‘मूल’ आणि ‘मूळ’ ह्यांत भेद कसा करावा? दोन घरांमधील अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वाढले एवढीच त्याला खूण. शब्दाच्या मध्ये ही खूण निदान मागच्या घराशी ताडून पाहता येते. शब्दाच्या आरंभी, मोकळ्या जागेनंतर, तीही नसते. ‘कडू’ आणि ‘खडू’, ‘बाजी’ आणि ‘भाजी’ ह्या शब्दांपाशी नवशिका अडखळतो तो ह्यामुळे. डोळस परीक्षकास ही चूक निष्काळजीपणाची वाटते, कारण त्याला घराची चौकट मनाने दिसत असते. वाचणाऱ्याच्या बोटाखाली तशी चौकट छापलेली नसते.

इ (२-४) आणि ए (१-५) ह्या आरशातील प्रतिमा आहेत. त्यात भर अशी की, पाटी आणि टोचणी घेऊन हाताने लिहिताना कागद मागील बाजूने टोचावा लागतो. म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक चिन्ह उलटे करावे लागते, व कागद फिरवून ते डावीकडून वाचावयाचे. म्हणजे लिहिताना ज्या जागी इ टोचली, तीच आकृती वाचताना एची. द, ज आणि ह ही तिन्ही चिन्हे वरच्या चार ठिपक्यांच्या चौकोनातून एकेक कोपरा गाळून झालेली आहेत, तेथेही हाच घोटाळा. शिकलेल्या माणसाला हे सर्व क्षुल्लक वाटते. परंतु लिपी सोडून देणारे बहुतेक ह्याच उंबरठ्यावरून परत फिरतात, असे आमचे मत आहे. अंकांच्या बाबतीत मात्र मराठीला एक अनायास लाभ मिळाला. अंकाची पूर्वसूचना देणारे चिन्ह आणि ण हे एकच, ३-४-५-६. मराठी शब्दाच्या आरंभी ण येत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही. प्राकृताच्या अभ्यासकाला ही सोय उपलब्ध नाही, हे विनोदाने सांगता येईल. ‘१९५१’ हा आकडा ब्रेलमध्ये अंकचिन्हानंतर अ, इ, ए, अ ह्या चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे ती फसवी जोडी भारती ब्रेलच्या जन्मवर्षातच बसलेली आहे.

बोटाविषयी थोडे. नवशिका प्रथम ठिपका दाबतो आणि वर-खाली घासतो. दोन्हींमुळे स्पर्श बोथट होतो. निष्णात वाचकाचे बोट हलके असते आणि ओळीवरून आडवे सरकत जाते. पुष्कळांचा डावा हात पुढील ओळीचा आरंभ शोधून ठेवतो. ठिपक्याची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर. कापूस वेचून, विळा धरून राठ झालेल्या हाताला हा भेद कळण्यास वेळ लागतो. इंग्लंडात विल्यम मून ह्याने १८४५ साली प्रौढांसाठी ठळक रेषांची सोपी लिपी तयार केली ती ह्याच जाणिवेतून. मराठीत मात्र प्रौढासाठी अशी पायरी रुळली नाही. बालवयातील अंधत्वाचे एक मोठे कारण पूर्वी देवीचा रोग हे होते. १९७५ नंतर भारतात त्याचा रुग्ण आढळला नाही. साहजिकच शिकणाऱ्यांचे स्वरूपही पालटले आहे. ज्याची दृष्टी उतारवयात गेली त्याच्यासाठी लहान मुलाचे अंकुरपुस्तक उपयोगी नाही. त्याला शब्द शिकवावयाचे नसतात, वेलांटीची जागा विसरावयास शिकवावयाचे असते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. ध्वनिमुद्रित पुस्तके आणि बोलणारी यंत्रे आल्यानंतर हा खटाटोप कशासाठी? आपल्या परंपरेतही श्रवणानेच ज्ञान मिळविणारे थोर पुरुष होऊन गेले. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बाल्यावस्थेतच अंध झाले होते. त्यांनी ऐकून अध्ययन केले, सांगून विपुल ग्रंथरचना केली, आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. हे उदाहरण आदरणीय खरे, परंतु त्यांच्याभोवती वाचून दाखविणारे आणि लिहून घेणारे शिष्य होते. शेतमजुराच्या अंध मुलीला वाचक आणि लेखनिक कोठून मिळणार? शिवाय ऐकणाऱ्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांतील, ‘कोश’ आणि ‘कोष’ ह्यांतील लेखनभेद कळावयाचा कसा? मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला नाही, कारण त्याच्या कामाला तो लागत नव्हता. भारती ब्रेलने तो काटेकोरपणे राखला आहे. श, ष, स तिन्ही निराळे आहेत. उलट ‘जग’ आणि ‘जेवण’ ह्यांतील ज उच्चाराने भिन्न असूनही चिन्ह एकच, कारण देवनागरीतही ते एकच आहे. ह्यावरून ही संहिता बार्बिएप्रमाणे उच्चार टिपणारी नसून वर्णलेखन सांभाळणारी आहे हे सिद्ध होते. जी लिपी लेखन सांभाळते ती शिकलेला मनुष्य अर्ज, पत्र आणि उत्तरपत्रिका शुद्ध लिहू शकतो.

वाचावयास शिकल्यावर वाचावे काय, हा प्रश्न मराठीत दीर्घकाळ राहिला. मुंबईत १९५२ साली राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकांना काही आधार मिळाला. पण क्रमिक पुस्तकाबाहेरचा मजकूर दुर्मिळच होता. स्वागत थोरात ह्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत सुरू केले. ताज्या घडामोडी त्याच पंधरवड्यात स्वतःच्या बोटांनी वाचता येणे, ही शाईच्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना शतकाहून अधिक काळ सहज उपलब्ध असलेली गोष्ट ब्रेलच्या मराठी वाचकांना तेव्हा मिळाली. २०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती; १९९५ आणि २०१६ ह्या वर्षांच्या कायद्यांनी अपंगांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. तथापि मूल कोणत्या वयात पाटीपर्यंत पोहोचते ह्यावर सर्व अवलंबून असते, आणि ते वय अजूनही घरच्यांच्या समजुतीवर ठरते. मुलगी असल्यास अधिकच.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ह्या विषयात करण्याजोगे काम आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल मिळतील. पण मराठवाड्यातील ब्रेलवाचनाचा इतिहास लिहावयाचा तर जुन्या अंकुरपुस्तकांची, हाताने टोचलेल्या वह्यांची आणि खाजगी पत्रांची गरज आहे. वहीतील चुकांवरून, म्हणजे ज आधी की इ आधी, भच्या जागी ब किती वेळा, ह्यांवरून लेखक जन्मांध होता की पुढे अंध झाला, त्याला कोणी शिकविले, आणि १९५१ पूर्वीची एखादी संहिता त्याच्या हातात उरली होती काय, ह्याचे अनुमान करता येईल. असे कागद हाती घेताना एक पथ्य पाळावे. ते एकावर एक रचून ठेवू नयेत, कारण वजनाने ठिपके बसतात, उभे ठेवावेत. आणि ज्या वहीचे ठिपके वाचून वाचून आधीच झिजले असतील तिची नक्कल प्रथम करून घ्यावी. ती करताना शेजारी ब्रेल जाणणारा अंध वाचक असावा; झिजलेला ठिपका डोळ्याला दिसत नाही, सरावलेल्या बोटाला तो पुष्कळ वेळा लागतो.